गोळीमागची माती

डुकरांनी बटाट्याच्या सऱ्या तिसऱ्यांदा उकरल्या, तेव्हा अर्जुन खंडारेला जर्मनीत येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. सकाळी सहाला उठून, तोंडावर पाणी मारून, त्रिशरण-पंचशील म्हणून तो नेहमीसारखा मागच्या दारानं बाहेर आला आणि पायरीवरच थांबला. काल सरळ असलेल्या सऱ्या कुणी वेडावाकडा नांगर फिरवावा तशा उलटल्या होत्या. अर्धवट खाल्लेले बटाटे चिखलात पडले होते. दातांच्या खुणा ताज्या, ओल्या. कुंपणाची तार एका जागी खालून उचलली गेली होती आणि तिला राठ काळे केस अडकले होते.

सून क्रांती आधीच वावरात उकिडवी बसली होती. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात नवऱ्याचं जुनं जॅकेट. धड राहिलेले बटाटे ती बादलीत टाकत होती, फुटलेले बाजूला.

"किती गेलं?" अर्जुननं विचारलं.

"तीन ओळी. अर्धा हिवाळा गेला म्हणा, बाबा."

तो धोतर आवरावं तशी पँट गुडघ्याशी वर ओढून खाली बसला आणि दुसऱ्या टोकाकडून वेचायला लागला. माती थंडगार होती. अकोल्याकडच्या काळ्या मातीसारखी बोटांना धरून राहत नव्हती, लगेच सुटायची. तासाभरात त्याची कंबर धरली, पण तो उठला नाही. सून उठत नव्हती.

हाइडेनडोर्फ हे ड्रेस्डेनपासून पाऊण तासावरचं चाळीस घरांचं गाव. सुयश, अर्जुनचा मुलगा, ड्रेस्डेनच्या चिपच्या कारखान्यात पाळीवर जायचा. क्रांती तिथल्याच एका संस्थेत मातीतल्या बुरशीवर संशोधन करायची. शहरात मनाजोगी वोनुंग, म्हणजे राहायला जागा, मिळेना, म्हणून तीन वर्षांपूर्वी दोघांनी हे जुनं शेतघर घेतलं. पहिल्याच हिवाळ्यात बर्फानं गावाचा रस्ता तीन दिवस बंद पडला आणि घरात नूडल्सची दोन पाकिटं निघाली. तेव्हापासून क्रांतीनं ठरवलं होतं, घरात दहा दिवसांचं सगळं असलंच पाहिजे. केलर म्हणजे तळघर तिनं तसंच भरलं होतं. तांदूळ, तूरडाळ, पाण्याचे कॅन, बरण्यांतल्या भाज्या, औषधांचा डबा, मेणबत्त्या, हातानं फिरवायचा रेडिओ. आणि कोपऱ्यात, बोल्टनं भिंतीला पक्कं केलेलं, राखाडी रंगाचं एक पोलादी कपाट. रिकामं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्जुननं त्या कपाटाबद्दल विचारलं होतं.

"बंदुकीचं आहे, बाबा," सुयश दुसरीकडे बघत म्हणाला होता. "अजून बंदूक नाहीये. क्रांती शिकारीची परीक्षा देतेय. इथं त्याशिवाय डुकराला हात लावता येत नाही."

त्यानंतर अर्जुन दोन दिवस केलरमध्ये उतरला नव्हता. कांदे हवे असले तरी क्रांतीलाच सांगायचा. बत्तीस वर्षं त्यानं पोलिसांच्या शस्त्रागारात काढली होती. हजारो बंदुका पुसल्या, मोजल्या, तेल दिलं, कुलपात ठेवल्या. पण घरात त्यानं सुयशला जत्रेतलं टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा कधी आणू दिलं नव्हतं. सुयशनं कारण विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

बादली भरली. क्रांतीनं ती उचलली, तसा तिचा श्वास वर चढला.

"लेखी पास झाले, नेम पास झाले," ती आपणहून म्हणाली. "हाताळणीत नापास केलं त्यांनी. मे महिन्यात. बंदूक हातात घेऊन वळले आणि नळी परीक्षकाच्या पोटावरून गेली. रिकामी होती. तरी लगेच बाहेर काढलं."

"बरोबर केलं," अर्जुन म्हणाला. कपाटाबद्दल विचारल्यापासून त्या विषयावर तो पहिल्यांदाच बोलत होता. क्रांती थांबून त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्या हातातली बादली घेऊन घराकडे चालू लागला.

शेजारच्या रेनाटेबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नवरा गेल्यापासून एकट्याच शेत बघायच्या आणि गावाच्या शिकारीच्या हद्दीचा ठेकाही त्यांच्याकडेच होता. गावात शिकारीचा परवाना असलेले चौघे, चौघेही सत्तरीच्या पुढचे. रेनाटेबाईंच्या उजव्या गुडघ्यानं असहकार पुकारला होता. मचाणाची शिडी चढणं बंद झालं होतं. क्रांतीला परीक्षेला बसवायचं डोकं त्यांचंच.

त्या संध्याकाळी त्यांनी दोघांना केक खायला बोलावलं. सुयश कामावर होता. ताटल्या उचलल्यावर रेनाटेबाईंनी कपाट उघडून आपली रायफल बाहेर काढली. शिसमासारख्या काळपट लाकडाचा दस्ता, पुसून पुसून गुळगुळीत झालेला. खिडकीकडे नळी धरून त्यांनी बोल्ट मागं ओढला. खट् असा तो आवाज ऐकला आणि अर्जुनचा हात आपोआप पुढं गेला. बत्तीस वर्षं तो तसाच पुढं गेलेला हात होता, तळवा वर.

रेनाटेबाईंनी रायफल आपल्या छातीशी घेतली. "नाइन," म्हणजे नाही, त्या म्हणाल्या आणि पुढं जर्मनमध्ये बरंच काही.

क्रांतीचा चेहरा उतरला. "बाबा, त्या म्हणतात… परवाना नसलेल्याच्या हातात देता येत नाही. घरातल्या माणसाच्यासुद्धा नाही. आमच्या कपाटाच्या कुलपाचा नंबरही सुयशला सांगता येणार नाही मला. कायदा आहे."

अर्जुननं हात मागं घेतला, पँटला पुसला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ज्या माणसाच्या सहीशिवाय एक काडतूस बाहेर जात नव्हतं, त्याला एका म्हातारीनं पोरासारखं थांबवलं होतं. घरी येताना तो भराभर चालला. क्रांती त्याच्या पावलानं चालत राहिली. फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, "त्या बाईले सांग, कडक हाये म्हना. अशी मानसं मले आमच्याकडं भेटली असती तं लय बरं झालं असतं."

"राग नाही ना आला?"

"आला ना. थोडासाक. जिरन."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लाकडं आणायला गोठ्याच्या बाजूच्या कोठारात गेला, तर आत क्रांती झाडूचा दांडा खांद्याला लावून उभी होती. वळत होती, वाकत होती, दांडा भिंतीला टेकवत होती. ओठ हलत होते. पाठ केलेलं जर्मन पुटपुटत होती. अर्जुन दारात उभा राहून पाहत राहिला. तिसऱ्यांदा ती वळली आणि दांड्याचं टोक सरळ त्याच्या छातीवरून गेलं.

"मेलो मी," तो म्हणाला.

क्रांती दचकली आणि दांडा खाली पडला. "अहो बाबा! तुम्ही कधी आलात?"

"तुह्या मानेच्या आधी तुही बंदूक वळते. आधी पाय वळले पाहिजेत. नळी खाली, मंग तू, मंग बंदूक." तो आत आला. दांडा उचलला, पुन्हा तिला दिला नाही. "पन मले एक सांग. आपन रोज सकाळी काय म्हनतो? पहिलं शील कोनतं?"

"प्राण्याची हिंसा न करण्याचं."

"अन् हे काय चालू हाये?"

क्रांतीनं केसांतला भुसा झटकला. ती वाद घालायला उभी राहिली नाही, बाजूच्या ठोकळ्यावर बसली. "बाबा, मी याचा खूप विचार केलाय. परवा सुयशनं मटण आणलं, आपण तिघांनी खाल्लं. ते बोकड कुणीतरी मारलंच ना? आपण फक्त तिथं नव्हतो. आणि ही डुकरं… लांडगे नाहीत, थंडी पूर्वीसारखी पडत नाही, सहाची अठरा होतात. रेनाटेचं अर्धं शेत गेलं. कुणीतरी करणारच. मग जो करेल त्यानं नीट करावं. वेदना न देता. बघून. एवढंच."

अर्जुननं दांडा हातात तोलून पाहिला. बाहेर कोंबड्या खुराड्यातून ओरडत होत्या.

"झाडूनं शिकून काई होत नाई," शेवटी तो म्हणाला. "वजन नाई त्याले. तोल येत नाई."

पुढचे दोन दिवस त्यानं कोठारातच काढले. अ‍ॅश झाडाची एक जुनी फळी मिळाली. ती करवतीनं कापली, पटाशीनं दस्त्याचा आकार काढला, काचेच्या तुकड्यानं तासून गुळगुळीत केली. पोटात भोक पाडून शिसं ओतायची सोय नव्हती, म्हणून जुन्या नळाच्या पाइपाचे दोन तुकडे ठोकून बसवले. बोल्टला काय करावं ते सुचत नव्हतं. मग पडक्या डुक्करवाड्याच्या दाराची लोखंडी कडी दिसली. ती उचकटून त्यानं बंदुकीच्या पाठीवर बसवली. मागं ओढली की खट् आवाज यायचा. अंगठ्याला पटाशी लागली, रक्त आलं, त्यावर चिंधी गुंडाळून तो काम करत राहिला. त्याला कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

रेनाटेबाईंनी ती बंदूक पाहिली. आलटून पालटून पाहिली, कडी मागं-पुढं केली आणि इतक्या हसल्या की गुडघा धरून खाली बसल्या. "रस्त्यावर नेऊ नका म्हणतात," क्रांतीनं सांगितलं. "लांबून खरी वाटेल, पोलीस येतील."

"पोलीस आलेलाच हाये म्हना," अर्जुन म्हणाला.

मग रोज संध्याकाळी, कोंबड्या कोंडल्यावर, कोठारात शिकवणी सुरू झाली. अर्जुननं घरातल्या पाच खुर्च्या आणून अर्धगोलात मांडल्या. "हे पाच परीक्षक. यातल्या एकावरूनही नळी गेली का तो मेला."

पहिल्या दिवशी पाचही मेले. क्रांती कडी ओढायला गेली की नळी डावीकडे जायची. पुन्हा घे. खाली ठेव. उचल. कडी ओढ. आत पाह्य. नुसतं पाहून नाई, बोट घाल. अंधारात बोटच खरं सांगते. आता मले दे. देताना माझ्याकडं पाह्य, बंदुकीकडं नाई. पुन्हा घे.

"दुखतोय हात."

"दुखू दे. उद्या कमी दुखन."

सुयश सुट्टीच्या दिवशी दारात चहा घेऊन उभा राहायचा. "बाबा, मला दहावीला गणित शिकवताना तुम्ही असे शांत नव्हता."

"तुह्या हातात बंदूक नव्हती," अर्जुन म्हणाला. "पेन्शिल होती."

आठवड्यानं दोनच खुर्च्या मरू लागल्या. मग एक. त्यानं खांबावर कोळशानं डुकराची आकृती काढली आणि तिला विचारलं, "मार?" ती नेम धरायची. "थांब. मागं काय हाये?" मागं कोठाराचं दार होतं, दारापलीकडे रस्ता. "डुक्कर दिसलं म्हनून मारू नको. गोळी डुकरात थांबत नाई. गोळीच्या मागं माती पाहिजे. चढाव, बांध, ढेकूळ, काहीतरी. माती नसन तं ते डुक्कर तुहं नाई." क्रांतीनं सांगितलं की जर्मनमध्येही अगदी हेच शिकवतात, त्याला कूगेलफांग म्हणतात. अर्जुनला फार आनंद झाला. दिवसभर तो येताजाता तो शब्द म्हणत होता.

हाताळणीची फेरपरीक्षा मंगळवारी सकाळी दहाला होती. पुढची थेट वसंतात. आणि परीक्षेच्या आधीच्या रविवारी वादळ आलं.

दुपारी जेवत असतानाच आभाळ हिरवट झालं. तासभर घराची कौलं थरथरत होती. वारा निवळला तेव्हा वीज गेली होती, मोबाइलला रेंज नव्हती आणि गावातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर पाइनची झाडं आडवी पडली होती. सुयश कारखान्यात अडकला. वीज गेली ती सोमवारीही आली नाही.

क्रांतीचं तळघर आता कामाला आलं. लाकडाची शेगडी पेटवली, तिच्यावर खिचडी शिजली. पाण्याचे कॅन वर आणले, कारण पंपही विजेवर. अर्जुननं रेडिओची मूठ फिरवली आणि क्रांतीनं बातम्या ऐकून कोणत्या रस्त्यावर काम चालू आहे ते सांगितलं. रेनाटेबाईंकडे सगळं विजेवरचं. त्या दुपारी हातात गरम पाण्याची रिकामी पिशवी आणि काखेत पाव घेऊन आल्या. खिचडीवर लोणचं घेतलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतली. म्हणाल्या, माझ्या आजीच्या केलरमध्येही असंच सगळं असायचं, मग आम्ही शहाणे झालो. क्रांतीनं भाषांतर केलं तेव्हा तिघंही हसले.

रेनाटेबाई घरी गेल्यावर पाऊस परत लागला. कोठारात उजेड नव्हता, म्हणून सराव शेगडीपाशीच केला. खुर्च्या दोनच होत्या. क्रांतीनं लाकडी बंदूक उचलली, कडी ओढली आणि लगेच लावली.

"पाह्यलं आत?"

"रिकामीच आहे ना, बाबा. लाकूड आहे ते."

"तुले कोनं सांगतलं रिकामी हाये म्हनून?" अर्जुनचा आवाज एवढा चढला की त्याचं त्यालाच ऐकून कसंतरी झालं. क्रांतीनं बंदूक खाली ठेवली. तो शेगडीसमोर बसला. लाकूड आत सारलं, नसतं सारलं तरी चाललं असतं.

"कपिल म्हनून एक शिपाई होता," तो म्हणाला. "चोवीस-पंचवीसचा. नवीन लग्न झालेलं. तपासनीचा दिवस. तो बंदुका आनून देत होता, मी टेबलावर मांडत होतो. एक दिली, म्हने, रिकामी हाये हवालदारसायेब. मी बोल्ट ओढून पाह्यला नाई. घाई होती. स्प्रिंग सैल कराची म्हनून घोडा दाबला." तो थांबला. "मांडीतून गेली त्याच्या. हाड गेलं. वाचला, पन पाय आखूड झाला."

क्रांती हळूच खाली जमिनीवर बसली.

"चौकशी झाली. सायेबानं विचारलं, बंदूक कोनं तपासाची होती? कपिल म्हने, मी. खरं म्हनलं त्यानं, पहिलं काम त्याचंच होतं. पन दुसरं माहं होतं. बोट माहं होतं. मी गप बसलो. दोन पोरं होती, नोकरी होती. त्याच्या कागदावर लागलं, माह्या कागदावर नाई." शेगडीत लाकूड तडकलं. "तुह्या सासूलेही नाई सांगतलं कधी. ती गेली, राहूनच गेलं."

पन्हळीचं पाणी कॅनमध्ये पडत होतं, क्रांतीनं तो तिथं मुद्दाम लावला होता.

"कपिलकाका आहेत का आता?" तिनं विचारलं.

"हायेत. खामगावले. दिवाळीले फोन करते. मी दोन मिनिटं बोलतो अन् ठेवतो."

क्रांतीनं उगाच समजूत घातली नाही. तिनं बंदूक उचलली, कडी मागं ओढली आणि लाकडाच्या त्या बंद पोटात, जिथं बोट जायला जागाच नव्हती तिथं, बोट टेकवून पाहिलं. मग त्याच्याकडे पाहत बंदूक पुढं केली. त्यानं घेतली, त्यानंही बोट टेकवलं. असं त्यांनी उजेड असेपर्यंत केलं.

मंगळवारी सकाळी मोठा रस्ता बंदच होता. आठ वाजता रेनाटेबाईंचा ट्रॅक्टर दारात आला. शेतातल्या वाटेनं, जंगलाच्या कडेकडेनं नेते म्हणाल्या. क्रांती त्यांच्या बाजूच्या छोट्या बैठकीवर बसली, अर्जुन दुसऱ्या चाकाच्या पत्र्यावर, साखळी धरून. दर वेळी क्लच दाबताना रेनाटेबाईंच्या तोंडातून शिवी निघायची. दोन जागी पडलेल्या फांद्या तिघांनी मिळून ओढल्या. चिखलानं क्रांतीची परीक्षेची हिरवी पँट गुडघ्यापर्यंत माखली. साडेनऊला ते नेमबाजीच्या केंद्रावर पोचले.

आत फक्त उमेदवार. अर्जुन बाहेर, स्प्रूसच्या झाडाखालच्या बाकावर बसला. रेनाटेबाई ट्रॅक्टरमध्येच पाय लांब करून डोळे मिटून पडल्या. नेमबाजीत मागं राहिलेल्या दुसऱ्या कुणाची तरी फेरी चालू असावी. थांबून थांबून आवाज येत होते. अर्जुनच्या पोटऱ्या प्रत्येक आवाजाला ताठ व्हायच्या. आतून कुणाचं ओरडणं येतंय का ते तो ऐकत राहिला.

इथं मोबाइलला रेंज होती. त्यानं फोन काढला, नंबर शोधला, परत खिशात ठेवला. मग पुन्हा काढला.

"अर्जुनदादा? आज काय दिवाळी हाये का?" कपिल पलीकडून हसला. पाठीमागं कुकरची शिट्टी वाजली.

अर्जुननं प्रस्तावना केली नाही. चौकशीच्या दिवशी आपण काय बोललो नाही ते सगळं त्यानं एका दमात सांगितलं. बोलताना तो झाडाच्या सालीकडे बघत होता. तिच्यावर मुंग्यांची रांग होती.

कपिल ऐकत होता. "मले माईत हाये ना, दादा. मी तिथंच होतो," तो शेवटी म्हणाला. "चूक माही पहिली. पन खरं सांगू? तेव्हा तुमी सायेबापुढं एक शब्द बोलले असते, तं मले दवाखान्यात लय आधार वाटला असता. पायाचं नाई काही. त्याचंच वाईट वाटलं."

"हो," अर्जुन म्हणाला. "बोलाले पाहिजे होतं."

"आता बोलले ना. जेवाले बसतो. वापस आले का या खामगावले."

फोन ठेवला तेव्हा अर्जुनच्या लक्षात आलं की आतले आवाज थांबलेत. रेनाटेबाई ट्रॅक्टरमधून खाली उतरल्या होत्या आणि त्याच्या बाजूला उभ्या राहून दाराकडे बघत होत्या. त्याचे डोळे त्यांनी पाहिले असावेत. खिशातून त्यांनी इस्त्री केलेला हातरुमाल काढून दिला.

दार उघडलं. क्रांती बाहेर आली, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कागद. लांबूनच ओरडली, "बाबा! पाचही जण जिवंत आहेत!"

बाकीची कागदपत्रं, परवाना, विमा, आम्टचे म्हणजे सरकारी कचेरीचे शिक्के, यात ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला. अर्जुनचा व्हिसा संपायला तीन आठवडे राहिले होते. रेनाटेबाईंनी आपली एक रायफल रीतसर कागद करून क्रांतीला वापरायला दिली आणि ती तळघरातल्या कपाटात गेली. नंबर क्रांतीलाच माहीत. अर्जुन आता कांदे आणायला स्वतः खाली जायचा, कपाटावरून कपडा फिरवायचा आणि वर यायचा.

"उद्या पहाटे पहिल्यांदा बसायचंय," एक दिवस क्रांती म्हणाली. "रेनाटे खाली गाडीत असेल, तिला शिडी चढता येत नाही. सुयशची पाळी आहे. बाबा, तुम्ही याल? नाही म्हणालात तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो कपडे करून तयार होता. पंचशील म्हणताना पहिल्या ओळीशी तो थांबला. पुन्हा सुरुवात करून त्यानं पाचही पूर्ण म्हटली, मग बूट चढवले.

मचाण शेताच्या वरच्या अंगाला होतं. लाकूड दवानं गार पडलं होतं. दोघं मांडीला मांडी लावून बसले. धुकं कापणी झालेल्या मक्यावरून हळूहळू वर सरकत होतं. साडेसात वाजून गेले, उजेड आला, आणि जंगलातून डुकरं बाहेर पडली. पुढं एक मोठी मादी, मागं पाच-सहा मध्यम पिल्लं. मुस्कटं जमिनीत घालून फुरफुरत ती सरळ बटाट्याकडे चालली.

क्रांतीनं रायफल कठड्यावर टेकवली. मादीला तिनं सोडलं. एक पिल्लू वेगळं झालं. तिचं बोट घोड्याच्या बाहेरच होतं. पिल्लामागं सायकलचा रस्ता दिसत होता. तिनं मान हलवली. दुसऱ्यांदा ते आडवं उभं राहिलं, आता मागं गावातल्या पहिल्या घराचं कौल. पुन्हा नाही. अर्जुनला तिचा श्वास ऐकू येत होता, लांब, मोजलेला. डुकरं पुढं सरकली, उताराला लागली. पिल्लू थांबलं. मागं सबंध नांगरलेला चढ होता, काळा, ओला.

आवाजानं अर्जुनच्या कानात शिट्टी वाजत राहिली. कळप फुटून जंगलाकडे पळाला. पिल्लू दहा पावलं धावलं, पाय गुंतल्यासारखं झालं आणि आडवं पडलं. पुन्हा हललं नाही.

क्रांतीनं बोल्ट ओढला, काडतूस काढलं, आत पाहिलं, बोट घातलं. मग घड्याळ पाहून ती पंधरा मिनिटं तशीच बसून राहिली, रेनाटेबाईंनी सांगितलं होतं तशी. अर्जुननं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

खाली उतरून ती मागच्या बाजूनं गेली. काठीनं डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. तिनं झाडाची छोटी डहाळी मोडून पिल्लाच्या तोंडात ठेवली. इथले शिकारी जनावराला शेवटचा घास देतात. ती ठेवताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता.

"बाबा, बोला ना काहीतरी."

अर्जुननं जनावराकडे पाहिलं. राठ केसांवर दव होतं. पोटातून वाफ निघत होती. मुस्कटाला ताजी माती लागली होती. त्यानं टोपी काढली, हात जोडले, पुन्हा टोपी घातली.

"तू मागचे पाय धर," तो म्हणाला. "मी पुढचे धरतो. उन्ह चढाच्या आत नेलं पाहिजे, नाई तं मटन खराब होते. वाया नाई गेलं पाहिजे काहीच."

त्यांनी उचललं. दिसत होतं त्याहून ते कितीतरी जड होतं. ढेकळांत पाय फसत होते, बूट चिखलानं भारी झाले होते. शेताच्या मध्यावर क्रांतीच्या हातातून खूर निसटले. ती वाकून, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली.

"खूप जड आहे, हो."

"असू दे," अर्जुन धापा टाकत म्हणाला. "हलकं लागलं असतं तं मले तुही काळजी वाटली असती. घे. दोन मिनिटं थांब, अन् मंग घे."

खालच्या रस्त्यावर रेनाटेबाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं होतं आणि पत्र्याची मोठी परात ठेवून त्या वाट पाहत होत्या. क्रांतीनं हात पँटला पुसले, पुन्हा वाकली आणि तिनं घट्ट धरलं. दोघं एकदम उठले.